बायपासच्या चौपाटीवर शनिवारी रात्री जमणारे गाडीवाले: सांगायचं कुणाला?

बायपासवाली (शनिवार, रात्री 12:40)
झोप लागत नाहीये म्हणून धागा काढतेय. या विषयावर आधीच धागा असेल तर लिंक द्या.

आम्ही संभाजीनगरला बीड बायपासच्या आत, देवळाईकडच्या एका कॉलनीत राहतो. कॉलनीच्या तोंडाशी सर्व्हिस रोडला खाण्याच्या गाड्यांची एक चौपाटी झालीय, पावभाजी, मोमो, मटका कुल्फी वगैरे, त्याबद्दल तक्रार नाही, आम्हीही जातो. पण दिवाळीनंतर शनिवार-रविवार रात्री दहा वाजले की पोरांच्या गाड्या जमायला लागल्यात. जमिनीला टेकतील अशा खाली केलेल्या स्विफ्ट, पोलो, थार, आणि बुलेटी तर विचारूच नका. बोनेट उघडं, डिकीत स्पीकर, निळे-जांभळे लाईट, आणि मग एकेक जण गाडी उभ्या जागी रेस करून सायलेन्सरमधून फटाके काढतो आणि बाकीचे गोल करून मोबाईलवर शूटिंग करतात. आवाजाने खिडकीची काच हलते हे मी वाढवून सांगत नाहीये. दुहेरी गाड्या लावल्यामुळे कॉलनीत वळायला जागा उरत नाही, परवा शेजारच्यांची रिक्षा पेशंट घेऊन दहा मिनिटं तोंडाशी अडकली होती.

माझ्या सासऱ्यांची बायपास झालीय (बायपासवर राहून बायपास, हा विनोद घरात करून झालाय, कृपया परत नको). ते रात्री प्रत्येक फटाक्याला दचकून उठतात.

आता खरी अडचण. यातली दोन पोरं आमच्याच कॉलनीतली आहेत. एकाची आई माझ्या भिशीत आहे. पोलिसात नावानिशी तक्रार केली तर उद्या तोंड कसं दाखवायचं, आणि नाही केली तर झोपायचं कसं? कुणी असं काही निस्तरलंय का?

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी. जर्मनीत ऑटोबान हाय, परभणीत खड्डे हायेत, म्हणून आमच्याकडं ही अडचणच न्हाई. त्या खाली केलेल्या स्विफ्टवाल्याला म्हणावं एकदा इकडं ये, चेंबर सोडून जाशील.

लातूरचा_बाप्पा
ताई 112 लावा की सरळ. एवढा इचार कशाला करायलात.

बायपासवाली
@बाप्पा लावलाय ना. गाडी येते, सायरन लांबून ऐकू येतो, पोरं पांगतात, पोलीस चौपाटीवाल्याला दोन शब्द सुनावतात आणि जातात. वीस मिनिटांत सगळे परत. वर एकदा मला फोन आला, "मॅडम तुम्हीच कंप्लेंट केली होती ना, घर कोणतं तुमचं?" तो फोन स्पीकरवर होता आणि मागे कोण उभं होतं कोण जाणे.

दख्खनी
हौ, ये तो होताच है हमारे यहाँ. शहर में रहना है तो कान में कापूस डालके सोना मियाँ.

निवृत्त_पण_चालू
परिवहन खात्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा कायद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने जशी गाडी बनवून पास करून घेतली तिच्यात मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-धुराचं मानक मोडलं तर कलम 190(2), 10,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर लायसन तीन महिने बाद. शर्यत लावली तर 189. आणि पोरगं अठराच्या आतलं निघालं तर 199अ, तिथं दंड 25,000, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, बापाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे शेवटचं कलम आईबापांना वाचून दाखवा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता कागदाचं. 112 च्या फोनने गाडी येते पण तुमच्या हातात काही राहत नाही. लेखी अर्ज द्या, कॉलनीच्या नावाने, एकट्या बाईच्या नावाने नको. तारीख, वेळ, गाड्यांचे नंबर, फोटो. एक प्रत पोलिसांच्या वाहतूक शाखेला, एक आरटीओला, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का असला की पुढच्या माणसाला "आमच्याकडे तक्रारच नाही" असं म्हणता येत नाही.

स्टेज_टू
मी पोलोवाला. देवळाईचा नाही, सिडकोतला, पण त्या चौपाटीवर आलोय हे कबूल. वय 24, शेंद्र्याला नोकरी, गाडी माझ्या पगाराच्या हप्त्यावर आहे, बापाच्या नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे कुणीतरी म्हणणारच.

कार मीट म्हणजे गाड्या उभ्या करून एकमेकांच्या बघणं. कुणी कोणते अलॉय टाकले, सस्पेन्शन कुठून आणलं, रॅप कुणी केलं. खरा मीटवाला उभ्या गाडीचं इंजिन बोंबलवत नाही, आम्हालाही ते आवडत नाही. रील बनवणारे वेगळे आणि बुलेटवाले तर पूर्ण वेगळे. पण काकूंना खिडकीतून सगळे सारखेच दिसणार, त्यात त्यांची चूक नाही.

माझा प्रश्न एवढाच की जायचं कुठं? बजाज 1985 पासून वाळूजला गाड्या बनवतंय, स्कोडा 2001 पासून शेंद्र्याला, आणि या शहरात गाडीचा शौक करायला एक मोकळं मैदान नाही. ट्रॅक बघायचा तर ग्रेटर नोएडा, चेन्नई नाहीतर कोइम्बतूर. पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक 2021 ला सुरू झाला तो टेस्टिंगचा, तिथं माझ्यासारख्याला कोण आत सोडतंय. म्हणून मग चौपाटी. चहा मिळतो, लाईट असतो, पोलिसांनी हाकललं तर दुसरीकडे.

वैजयंती_नांदेड
@स्टेज_टू बाळा, मैदान नाही म्हणून आजारी माणसाच्या उशाशी? आमच्या पोरींना संध्याकाळी बसायला बाग नाही, त्या काय लोकांच्या अंगणात ढोल बडवत बसतात?

स्टेज_टू
मावशी मुद्दा मान्य. मी तिथं आलो तेव्हा साडेनऊला निघालो होतो, एवढंच.

गॅरेज_जालना
मी मेकॅनिक हाये, जालन्याला गॅरेज हाये. सांगतो खरं काय चालतंय ते.

कंपनीच्या सायलेन्सरमधी कप्पे असतात, भोकाच्या नळ्या असतात, इंजिनातून धडाधडा येणारा गॅस त्याच्यात फिरून फिरून शांत होऊन भायेर पडतो. पोरं ते पोकळ करून मागतेत, न्हाईतर इंदोरी, पंजाबी म्हणून जे मिळतंय ते लावतेत. त्याच्यात आत काहीच नस्तं, नुस्ता पाईप. काहीत डीबी किलर म्हणून एक नळी येती, तिचा स्क्रू पोरं पहिल्याच दिवशी काढतेत आन् मला म्हणतेत काका ही हरवली.

आता फटाका. जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटला चालत्या गाडीत चावी बंद करायची न् लगेच चालू करायची. मधल्या टायमात न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमधी जाऊन बसतं आन् तिथंच पेटतं, तो बार. कारला चावीचं काम न्हाई, तिथं लॅपटॉप लावून ईसीयूचं, म्हंजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅप बदलतेत, पाय काढला की फाडफाड. बीएस-6 गाडीचं कॅटकॉन, म्हंजे धूर साफ करायचा डबा, काढलं की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मग तो दिवा बंद करायला परत पैशे.

आन् गम्मत ऐका. गाडी इकायची आली की हेच पोरगं पोत्यात गुंडाळलेला ओरिजिनल सायलेन्सर घेऊन येतं, काका बसवून द्या, गिऱ्हाईक येयलंय. म्हंजे आवाज वाईट हाये हे त्याला बी माहीत हाये. मी पोकळ करून देत न्हाई. पण मी नाही दिला तर बाजूचा देतो.

परभणीकर
"काका ही हरवली" 😂😂 आमच्याकडं शाळेत गृहपाठाची वही अशीच हरवायची.

दख्खनी
अरे हाँ, गाड्यांचं निघालंच आहे तर आपलं शहर लहान समजू नका. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या उद्योजकांनी मिळून दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम उचलल्या होत्या, 65 कोटींचा सौदा, देशभर पेपरात आलं होतं. तेव्हा आम्ही कॉलेजात, जालना रोडला उभं राहून मोजत होतो. तेव्हा सगळे कॉलर ताठ करून फिरले, आता पोरांनी सेकंडहँड पोलो सजवली तर कटकट.

बायपासवाली
त्या मर्सिडीजवाल्यांनी रात्री बाराला माझ्या खिडकीखाली फटाके फोडले नव्हते.

दख्खनी
ये भी सही है.

ठिबक
@दख्खनी मर्सिडीजवाल्यांनी कमवून घेतल्या. ही थारवाली पोरं कुठली बघा जरा. समृद्धीत जमीन गेली, मोबदला आला, बापाने एक प्लॉट घेतला आणि पोराला एक थार. पैसा जिरायला जागा नाही म्हणून तो सायलेन्सरमधून निघतोय.

गेवराईचा_गडी
@ठिबक सरसकट बोलू नका हो. आमची पण जमीन रस्त्यात गेली. मोबदल्यात बहिणीचं लग्न झालं, उरलेल्या चार एकरात शेततळं केलं. थार मी फक्त टीव्हीवर बघितली. एकाच्या पोराने माज केला की सगळ्या शेतकऱ्याला नाव ठेवायची ही शहरातली खोडच झालीय.

ठिबक
नाव शेतकऱ्याला ठेवलं नाही, मी स्वतः पाटोद्याचा शेतकरी आहे. बापाला ठेवलंय. चावी हातात कोण देतं?

गेवराईचा_गडी
ते मात्र खरं.

बरं मूळ धाग्यावर बोलतो. मी सध्या मुंबईत, वरळीला एका टॉवरमध्ये सोसायटीचं मॅनेजरचं काम बघतो. समुद्र समोर. लोक म्हणतात काय नशीब. रात्री या म्हणावं ऐकायला. कोस्टल रोड मार्च 2024 ला उघडला, 80 ची मर्यादा आहे, टू-व्हीलरला बंदी आहे, तरी मध्यरात्रीनंतर ज्या गाड्या जातात त्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत. समुद्राकाठचे लोक पत्रं लिहून थकले. आणि हे लोक म्हणजे कोण, ज्यांच्या एका फोनवर माणसं उभी राहतात असले. तरी आवाज गेला नाही. सरळ रस्ता, मोकळी हवा, बघायला माणसं, हे तिन्ही जिथं असतं तिथं ही पोरं येणारच. तुमच्याकडं समुद्राच्या जागी पावभाजी आहे.

लातूरचा_बाप्पा
म्हंजे गरिबाची पोलो न् श्रीमंताची लॅम्बोर्गिनी, झोप मोडायला दोघं सारकेच.

चौथा_तास
मी कॉलेजला फिजिक्स शिकवतो, राहवत नाही म्हणून. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची तुलनेने कोमट राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि दिवसापेक्षा लांब पोचतो. पाण्यावरही हेच होतं, म्हणून किनाऱ्यावरच्या घरांना त्रास जास्त. दिवाळीनंतर वाढलं असं बायपासवाली म्हणतायत त्यात पोरं वाढली असतीलच, पण थंडीचाही हात आहे.

दुसरं, डेसिबल साधी बेरीज नसते. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, कानाला साधारण दुप्पट वाटतं. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 ची आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत. त्या मर्यादेपेक्षा 10 किंवा जास्त वर गेलं तर नियमानुसार तक्रार करता येते. मोबाईलमधल्या ॲपचा आकडा मात्र पुरावा म्हणून नाचवू नका, त्याचं कॅलिब्रेशन नसतं. व्हिडिओ जास्त कामाचा, वेळ दिसेल असा.

वैजयंती_नांदेड
सर, 45 ची मर्यादा असेल तर आमच्या शेजारच्या मंगल कार्यालयाच्या डीजेला कुठल्या जेलात टाकायचं? छातीत धडधडतं. गाड्यांवर सगळे बोलतात, डीजेवर कुणी ब्र काढत नाही, कारण डीजे आपल्याच भाच्याच्या लग्नात असतो.

परभणीकर
मावशी डीजेचा धागा काढला तर तो पाचशे प्रतिसाद जाईल न् शेवटी लॉक होईल. राहू द्या.

जालना_ते_वेलिंग्टन
आमच्या इथं न्यूझीलंडला हे फार जुनं दुखणं आहे. मी लोअर हटला राहते, जवळ सीव्ह्यू म्हणून समुद्राकाठचा कारखान्यांचा भाग आहे, रुंद सरळ रस्ते, रात्री सामसूम, म्हणजे या पोरांना आंदणच. टायर जाळायचा वास सकाळपर्यंत असतो, रस्त्यावर काळे गोल उमटलेले असतात. इथं त्यांना बॉय रेसर म्हणतात, त्यात मुलीही असतात.

2009 ला कायदा कडक केला. चार वर्षांत तिसऱ्यांदा रेसिंगमध्ये सापडला तर कोर्ट गाडी जप्त करून तिचा चुराडा करायचा हुकूम देऊ शकतं. 2012 मध्ये पहिली गाडी खरंच मशीनमध्ये घालून चेपली, पोलीस खात्याच्या मंत्रीणबाई स्वतः हजर होत्या, टीव्हीवर दाखवलं. पण पुढच्या कितीतरी वर्षांत चेपलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पोरं येतातच. जास्त उपयोग नगरपरिषदेच्या उपनियमाचा झाला असं मला वाटतं, ठरावीक रस्त्यावर रात्री उगाच चकरा मारायला बंदी घालता येते. मग रेसिंग सिद्ध करत बसावं लागत नाही, त्या वेळी तिथं का आलास एवढंच विचारायचं.

निवृत्त_पण_चालू
@जालना_ते_वेलिंग्टन हे पटलं. आपल्याकडेही रोडरोलर फिरवून सायलेन्सर चेपतात, फोटो छान येतो. दुसऱ्या दिवशी दुकानात तोच माल लटकलेला असतो. विकणाऱ्याचं शटर उघडं ठेवून लावणाऱ्याला पकडण्यात जन्म जाईल. आणखी एक, पोरांना इन्शुरन्सचं सांगा. कंपनीला न कळवता केलेले बदल अपघातानंतर सर्व्हेयरच्या डोळ्यात पहिले येतात आणि क्लेम अडकतो. दंडाला न घाबरणारा पोरगा क्लेमला घाबरतो, हा माझा अनुभव.

स्टेज_टू
क्लेमचं खरंय. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा अडकलाय, तेव्हापासून त्याची गाडी एकदम स्टॉक, कंपनीतून आली तशी. 😐

@बायपासवाली तुम्ही तुमच्या कॉलनीतल्या दोघांच्या गाड्या कोणत्या ते सांगाल का, नाव नको. आणि एक सांगू का, पोलिसांपेक्षा चौपाटीवाल्यांना धरा. आम्ही तिथं चहासाठी येतो. पावभाजीवाल्याने "दहानंतर गाडी लावायची नाही" म्हटलं की ग्रुपवर मेसेज पडतो आणि जागा बदलते. त्यांना जागेची भीती असते, पालिकेची गाडी आली की सगळ्यात आधी त्यांचं सामान उचललं जातं.

लातूरचा_बाप्पा
चोरानंच कुलूप कुठं लावायचं ते सांगितलं. शाब्बास रे लेकरा.

बायपासवाली
एक पांढरी स्विफ्ट, मागच्या काचेवर आडवा मोठा स्टिकर. दुसरा बुलेटवाला. चौपाटीवाल्याचं डोक्यातच आलं नव्हतं, बघते.

*(दोन आठवड्यांनी)*

बायपासवाली
अपडेट देते, बऱ्याच जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं.

अर्ज दिला. कॉलनीतल्या एकतीस घरांच्या सह्या झाल्या, दोघांनी नाही केल्या, कोण ते ओळखाच. शिक्का घेतला (निवृत्त काका, तिथल्या साहेबांनी "ठेवून जा, बघतो" म्हटलंच होतं, मी खुर्चीत बसून राहिले). वाहतूक शाखेची गाडी एका शनिवारी साध्या वेळेला न येता साडेअकराला आली, सायरन न वाजवता. काही जणांना पावत्या झाल्या.

पण फरक पडला तो चौपाटीमुळे. मी आणि सासूबाई दुपारी चार वाजता गेलो, गिऱ्हाईक नसताना. पावभाजीवाले दादा आधी म्हणाले की वहिनी, रात्रीचं निम्मं गिऱ्हाईक तेच आहे. मग सासूबाईंनी विचारलं की पालिकेकडे अर्ज गेला तर निम्मं जाईल की सगळं? त्यांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही, एक प्लेट पावभाजी दिली आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या शनिवारी कॉलनीच्या तोंडाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये दोरी. कुल्फीवाल्याचा पुतण्या तिथं उभा, गाडी लावू देत नाही.

भिशीतल्या मैत्रिणीला मी स्वतः सांगितलं, अर्जात तुझ्या मुलाच्या गाडीचाही नंबर आहे म्हणून. ती महिनाभर बोलणार नाही असं दिसतंय. स्विफ्ट मात्र शनिवारी घरीच उभी असते, झाकण घालून.

ठिबक
एक नंबर. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

वैजयंती_नांदेड
भिशी तोडू नका, पुढचा नंबर तिचा असेल तर आपोआप बोलेल.

बायपासवाली
😄 पुढचा माझाच आहे.

बुलेटवाले अजून येतात. तीन-चार जण, बाराच्या पुढे, थांबत नाहीत, नुसते बार काढत जातात. त्यांना दोरी लागत नाही.

स्टेज_टू
ते आमचे नाहीत, मी आधीच म्हणालो होतो. आम्ही आता रविवारी सकाळी सातला भेटतो, वस्ती नाही अशा ठिकाणी, नाव लिहीत नाही नाहीतर तिथंही धागा निघेल. निम्मी पोरं उठतच नाहीत त्यामुळे मीट लहान झालीय. जे येतात ते गाडीवालेच आहेत.

गॅरेज_जालना
ताई बुलेटचा नंबर मिळाला तर टाका. आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर टाकतो, कोणाकडून पोकळ केलाय ते निघतंय.

निवृत्त_पण_चालू
नंबर इथं उघड्यावर नको, व्यनि करा. आणि आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून दुसरा अर्ज द्या, बुलेटसाठी वेगळा.

बायपासवाली
सोमवारी जाते.